कालपुरुष कुणी आणला?

सोमवती अमावास्येला सकाळी अकरा वाजता आमच्या ऑफिसच्या जिन्यावर इतकी गर्दी होती, की कडेवरच्या अवनीसकट वर पोचायला मला दहा मिनिटं लागली. खालच्या तालमीतली पोरं आली होती. शेजारची गिरणीवाली धोंडुबाई पिठाच्या हातानं आली होती. आणि चपलांचा ढीग पाहून शिवाजी पेठेतून चाललेले दोन पावणे, काहीतरी फुकट मिळतंय अशा समजुतीनं, रांगेत उभे राहिले होते.

"काय वाटालेत ओ ताई, वर?"

"काही नाही. कॉम्प्युटरला भूत लागलंय, ते उतरवणार आहेत."

"आगागा! मग बघूनच जातो की."

वर आमची नऊ टेबलं, त्यांवर नऊ कॉम्प्युटर. आम्ही 'बाळलस' नावाचं सॉफ्टवेअर चालवतो. कुठल्या बाळाला कुठली लस कधी, याची नोंद ते ठेवतं आणि त्या दिवशी सकाळी आईच्या मोबाईलवर निरोप पाठवतं. चाळीस दवाखाने ते वापरतात. मालक अण्णासो कागलचे. घरचा गुळाचा धंदा भावावर सोपवून त्यांनी हे काढलं. माणूस मनानं मोठा. बाळंतपणाच्या लांबलेल्या रजेनंतर मी परत आले, तेव्हा अंगावर पिणाऱ्या लेकीला घरी कशी ठेवू या काळजीत होते. "इथंच आण की!" म्हणून त्यांनी स्वतः स्टुलावर चढून खिडकीजवळ झोळी बांधून दिली.

आता तेच अण्णासो हात जोडून उभे होते, आणि त्यांच्यासमोर श्री विद्युतनाथ महाराज बसले होते. भगवी कफनी, कपाळभर भस्म, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. संसार सोडलेल्या माणसाला रोज किती पावलं चाललो याची एवढी फिकीर कशाला, हे मला अजून कळलेलं नाही.

अकरा वीसला अमावास्या लागली आणि नऊच्या नऊ स्क्रीन काळ्या पडल्या. मधोमध पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ: "कालपुरुष. वेळ थांबली आहे."

"आली गं बया!" धोंडुबाई ओरडली.

ही तिसरी अमावास्या. पहिल्या खेपेला दिवसभर सगळं बंद पडलं आणि दुसऱ्या दिवशी आपोआप सुरू झालं. दुसऱ्या खेपेला महाराज आले आणि दहा मिनिटांत सुरू झालं. तेव्हापासून पेठेत चर्चा होती.

"घाबरू नका," महाराज म्हणाले. "वायफाय म्हणजे काय? न दिसणारी लहर. बाधा म्हणजे काय? तीही न दिसणारी लहर. विज्ञान आज जिथं पोचलंय, तिथं आमचे गुरू साडेचारशे वर्षांपूर्वी येऊन चहा पिऊन गेले! यंत्रात तांब्याची तार, कलश तांब्याचा. मग सांगा, यंत्र आणि कलश वेगळे कसे?"

"न्हाईतच की!" तालमीतलं एक पोरगं म्हणालं.

"डोळे मिटा. उघड्या डोळ्यांवाटे ही शक्ती माणसात शिरते."

सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. खोलीत कुंकवाचं ताट, टाचण्या टोचलेली लिंबं आणि लोंबकळणाऱ्या वायरी असताना चौदा महिन्यांच्या पोरीची आई डोळे मिटत नाही. ती झोपेतसुद्धा एकच डोळा मिटते. माझं लक्ष अवनीवर होतं, अवनीचं लिंबावर. आणि त्या धावपळीत मला दिसलं, की खोलीत आणखी एकाचे डोळे उघडे आहेत. महाराजांचा शिष्य सम्राट, इंजिनिअर झालेला पोरगा, भिंतीला टेकून मोबाईलमध्ये बघत होता. अंगठा तयार. मंत्र चालू असताना मोबाईल बघतो म्हणजे काय वळण आहे, एवढंच तेव्हा माझ्या मनात आलं.

"शांत हो!" महाराज गरजले.

दोन सेकंदांनी नऊ स्क्रीन उजळल्या. जिन्यापर्यंत जयजयकार झाला.

मग निकाल लागला. "हे आजच्यापुरतं आहे. आत जो बसलाय, त्याला तुम्ही बोलावलेलं नाही. कुणाच्या तरी पायानं तो आलाय." महाराजांचं बोट खोलीभर फिरलं आणि माझ्या कडेवर येऊन थांबलं. "ही मुलगी या जागेत आली आणि पहिल्या अमावास्येला हा प्रकटला. खोटं असेल तर सांगा. तिचा पायगुण आहे. एक्केचाळीस दिवस हिला आईपासून आणि या वास्तूपासून लांब ठेवा. उद्या अमावास्या सुटायच्या आत. नाहीतर हा तिच्यावरच उलटेल."

माझ्या लेकीनं त्या बोटाकडे पाहून टाळी वाजवली. ती अजून धड चालतसुद्धा नाही. पाय कसले आणि पायगुण कसले!

गर्दी पांगल्यावर अण्णासो माझ्या टेबलाशी आले. नजर जमिनीवर. "एक्केचाळीस दिवसांचाच तर प्रश्न हाय, मीनाक्षी."

"अण्णासो, ती अजून माझ्या अंगावर पिते."

"कळतंय गं. पण चाळीस दवाखान्यांचे फोन मला येत्यात. पोरीला पाठव. न्हाईतर मग... तू बी तेवढे दिवस घरीच बस."

कोपऱ्यातला जिनेश, आमच्यातला सगळ्यात तरुण प्रोग्रामर, रडकुंडीला आला होता. "ताई, मी काय कमी बघितलं का? कालपुरुष नावाचा फोल्डर हाय आत. आपल्या यादीत त्याचं नावच न्हाय! मी उडवला. पुन्हा इन्स्टॉल केलं की हजर! चारदा उडवला, चारदा आला."

खरं सांगते, त्या क्षणी मीही हलले. यादीत नाव नाही, तरी घरात माणूस. हाकलला तरी परत. आणि एक काळजी मी कुणाला बोलले नव्हते: रजेवरून आले त्या दिवशी सगळं नव्यानं इन्स्टॉल केलं होतं ते मीच.

घरी पोचेपर्यंत अण्णासोंच्या बायकोचा फोन येऊन गेला होता. माझे सासरे नाहीत, नवरा पुण्याला नोकरीला. घरात मी, अवनी आणि सासूबाई. त्या गडहिंग्लजच्या, त्यांना आम्ही आत्ती म्हणतो. आत्ती पिशवी भरत होत्या: अवनीचं टोपडं, दुपटी, नाचणीच्या सत्वाचा डबा.

"उद्या एकची एसटी हाय. मी घिऊन जातो आक्काकडं."

"आत्ती, तुमचा विश्वास आहे यावर?"

"इश्वास न्हाई, भ्या हाय." टोपड्याची घडी त्यांनी तीनदा मोडली आणि तीनदा घातली. "उलटंल म्हणालाय नव्हं तो पोरीवर? मी काय बाराखडी शिकलेली बाई. मला भ्या वाटतंय मीना, तू मला कायबी म्हण."

भीती मलाही होती. आत्तींनी बहिणीला फोन लावला. "आक्का, उद्या पोरीला घिऊन येतो. खरं, तुज्या चटणीचं बोट बी लावू नगंस तिला. मागल्या महिन्यात काय झालतं ठावं हाय न्हवं?"

मी टोपडं हातात घेऊन तशीच उभी राहिले.

मागच्या महिन्यात अवनीच्या अंगावर गांधी उठल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, तिळाची ॲलर्जी दिसते, काय खाल्लं होतं? आत्तींची आमटी, चार घास. मी आत्तींना विचारलं, आमटीत तीळ घातले होते का? त्या चिडल्या. "मी तिळाला हात बी लावला न्हाई! डाळ, आमसूल, गूळ, चिमटीभर चटणी." शब्द न् शब्द खरा होता. मग मी पुढचं विचारलं: चटणी कुणाची? आपल्याकडे चटणी म्हणजे वर्षाचा तिखट मसाला, आणि यंदाचा आक्कांनी डंकावर कांडून पाठवला होता. आक्कांना फोन केला. चटणीत काय घातलं? मिरची, धणे, खोबरं, कांदा, लसूण. आणि शेरभर तीळ.

आत्तींच्या यादीत तीळ नव्हते. आत्तींनी घातलेल्या चटणीच्या यादीत होते.

आणि ऑफिसात आम्ही तीन अमावास्या फक्त आमचीच यादी वाचत बसलो होतो. कालपुरुषाला कुणी विचारलंच नव्हतं, की बाबा, तुला आणलं कुणी?

आमच्या धंद्यात कुणीच सगळं स्वतः लिहीत नाही. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले तयार तुकडे आणायचे आणि जोडायचे. त्यांना पॅकेज म्हणतात, आणि ती आणून देणाऱ्या हमालाचं नाव एनपीएम. हमाल इमानी आहे. तुम्ही एक पॅकेज मागवलं, की त्याला लागणारी दुसरी चार तो न विचारता आणतो, त्या चारांना लागणारी आणखी वीसही. आमच्या यादीत बत्तीस नावं आहेत. घरात उतरलेली पॅकेजं बाराशे.

मंगळवारी आठ वाजता मी ऑफिस उघडलं. अवनीला झोळीत घातलं, झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधली आणि जिनेशला फोन केला. तो ओल्या केसांनी धावत आला.

"जिनेश, आपल्या यादीत नाव नाही, हे कळलं. आता हमालालाच विचारू, कुणाच्या सांगण्यावरून आणलंस?"

हमालाला हुकूम द्यायची स्क्रीनवर एक काळी खिडकी असते, तिच्यात मी लिहिलं: एनपीएम एलएस कालपुरुष. एलएस म्हणजे दाखव, कुणाखाली कोण बसलंय ते.

चार ओळी आल्या. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा थोडी आत सरकलेली, वंशावळीसारखी. सगळ्यात वर बाळलस. त्याच्याखाली शुभवेळ-पट्टी. तिच्याखाली पंचांग-साथी. त्याच्याखाली कालपुरुष.

"शुभवेळ-पट्टी?" मी विचारलं. "ही कुठली?"

जिनेशनं जीभ चावली. "तुम्ही रजेवर होता न्हवं, तवा पाडव्याला महाराजांनी प्रसाद म्हणून दिली. स्क्रीनच्या वर आजची तिथी आणि राहुकाळ येतोय बघा, ती. सम्राटनं येऊन बसवली. अण्णासो म्हणाले, फुकट हाय, घाल की."

लसीच्या सॉफ्टवेअरला राहुकाळ! गोवर काय राहुकाळ बघून येतो?

"म्हणून तुझा फोल्डर परत येत होता," मी म्हणाले. "तू पोराला हाकलत होतास. ज्यानं बोलावलं, तो घरातच बसलेला."

मग एनपीएम व्ह्यू कालपुरुष. हे पॅकेज जगासाठी कुणी मांडलं, कधी मांडलं, ते यात दिसतं. मांडणारा: सम्राट. त्याचं नाव, त्याचा ईमेल. पहिली आवृत्ती पाडव्याच्या आठवड्यातली, निरुपद्रवी. दुसरी मी रजेवरून येण्याच्या आठ दिवस आधीची.

"आणि आपल्याकडे कुठली आवृत्ती उतरली हे बांधून ठेवणारी लॉक फाईल असते. ती कुठंय, जिनेश?"

"लई लाल रेघा दाखवत होती ओ ताई. मी काढून टाकली."

म्हणजे मी परत आल्या दिवशी नव्यानं इन्स्टॉल केलं, तेव्हा हमालानं आपला नवा कालपुरुष आणून ठेवला. माझ्या हातून आला हे खरंच होतं. माझ्या लेकीच्या पायानं नव्हे.

आम्ही तो उघडून वाचला. सगळा मिळून पंधरा-वीस ओळींचा. मराठीत सांगायचं तर असं: आज अमावास्या आहे का? असेल तर सम्राटच्या वेबसाईटवर जाऊन विचार, तिथं 'शांत' लिहिलंय का? लिहिलं असेल तर गप्प बस. नसेल तर स्क्रीन काळी कर आणि निरोप अडव. दर दोन सेकंदांनी पुन्हा विचार.

भिंतीला टेकलेला सम्राट माझ्या डोळ्यांपुढे आला. आणि त्याचा तयार अंगठा.

"ताई, आत्ताच अण्णासोंना फोन लावू?" जिनेशनं मोबाईल काढलाच.

"चार ओळी वाचून त्यांना पटणार नाही. त्यांनी डोळ्यांनी भूत पाहिलंय. डोळ्यांनीच बघू दे."

माझ्या कॉम्प्युटरवरून मी शुभवेळ-पट्टी काढली. तिच्याबरोबर पंचांग-साथी गेलं, कालपुरुष गेला, मागे वळून कुणी पाहिलंसुद्धा नाही. मग त्या स्क्रीनवर अवनीचं दुपटं टाकलं.

पावणेदहाला बाकीच्या आठ स्क्रीन काळ्या पडल्या. महाराज निघाले होते तर!

दहाला ते आले, तेव्हा गर्दी कालच्या दुप्पट होती. आत्ती पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या, इथूनच स्टँडवर जायच्या तयारीनं.

"अजून मुलगी इथंच?" महाराज कडाडले. "बघा, कोपलाय तो!"

"निघालीच, महाराज," मी म्हणाले. "जाता जाता तिला आशीर्वाद तरी मिळू दे."

डोळे मिटायचा हुकूम झाला. सगळ्यांनी मिटले. सम्राट भिंतीला टेकला, मोबाईल निघाला. मी सरळ त्याच्यापाशी गेले. "दादा, जरा धरा हो हिला," म्हणून अवनी त्याच्या छातीवर टेकवली आणि हात सोडले. अंगावर आलेलं बाळ जगात कुणी खाली टाकत नाही. त्यानं एका हातानं तिला धरलं. दुसऱ्या हातात मोबाईल होता, उघडा. माझ्या लेकीला बोळकं, बाहुली, खुळखुळा काही चालत नाही. तिला मोबाईल लागतो, आणि घेतला की ती सोडत नाही.

"शांत हो!" महाराज गरजले.

काही झालं नाही.

"शांत हो म्हणतो ना!"

अवनीनं मोबाईल दोन्ही हातांत घट्ट धरून त्यावर एक थापट मारली. दोन सेकंदांनी स्क्रीन उजळल्या.

"बघा! बघा त्या शक्तीची..."

दुसरी थापट. स्क्रीन काळ्या. सम्राट मोबाईल ओढत होता, अवनी किंचाळत होती. तिसरी थापट. उजळल्या. आता सगळ्यांचे डोळे उघडले होते. कुणी स्क्रीनकडे बघत होतं, कुणी पोरीकडे.

"शांत!" महाराज ओरडले. अवनीनं त्यांच्याकडे बघून खुदकन हसत चौथी मारली. अंधार.

"आगं बाई," धोंडुबाई म्हणाली, "ह्या म्हाराजापेक्षा पोरगीच शिद्ध हाय की!"

तालमीतली पोरं खिदळायला लागली. अण्णासो मात्र हसत नव्हते. त्यांनी सम्राटच्या हातातून मोबाईल घेतला. त्यावर एकच मोठं बटण होतं. एकदा दाबलं की 'शांत', पुन्हा दाबलं की 'कोप'. अण्णासोंनी ते स्वतः दाबलं. थांबले. स्क्रीनकडे पाहिलं. पुन्हा दाबलं.

"ही यंत्राची माया आहे," महाराज उठत म्हणाले. "मोबाईलमध्येही त्यानं प्रवेश..."

"मग हिच्यात का नाही केला?" मी दुपटं ओढलं. माझी स्क्रीन अमावास्येत लख्ख चालू होती, कुठली बाळं कधी यायची त्याची यादी दाखवत. बाजूच्या काळ्या खिडकीत त्या चार ओळी होत्या. "अण्णासो, वाचा. मोठ्यानं."

त्यांनी बोट ठेवून वाचलं. "बाळलस. त्याच्याखाली शुभवेळ-पट्टी. तिच्याखाली पंचांग-साथी. खाली कालपुरुष." मग त्याखालचं, तो मांडणाऱ्याचं नाव. वाचून त्यांनी सम्राटकडे पाहिलं. "शुभवेळ-पट्टी म्हणजे पाडव्याला प्रसाद दिलतासा, ती न्हवं?"

महाराज दाराकडे सरकले.

"आणि एवढ्याशा लेकराचा पायगुण काढलासा!" आवाज आत्तींचा होता. पिशवी खाली ठेवून त्या पुढे आल्या. "आरं, मी रातभर त्या टोपड्याची घडी घालत बसलो. तू काय घालत बसलतास?"

महाराजांना जिना उतरायला बराच वेळ लागला, कारण तालमीतली पोरं बाजूला सरायला तयार नव्हती आणि त्यांची एक चप्पल सापडत नव्हती. अण्णासो त्या दोघांच्या मागोमाग जिना उतरले आणि, मोबाईल खिशात घालून, तडक पोलीस चौकीत गेले. असल्या धंद्याविरुद्ध राज्यात कायदा आहे, तो वापरायला मात्र आपल्याला लाज वाटते. त्यांना त्या दिवशी वाटली नाही. परत आल्यावर त्यांनी दारावरचं लिंबू-मिरची स्वतः काढलं.

"मीनाक्षी, चुकलो."

"माझी माफी नको, अण्णासो. फोन घ्या."

कारण तीन अमावास्यांना, स्क्रीन काळ्या असताना जायचे ते निरोप गेलेच नव्हते. आम्ही यादी काढली. त्रेसष्ट बाळं. थांबली होती ती वेळ नव्हे. कुणाच्या गोवरचा डोस थांबला होता, कुणाच्या पोलिओचा. संध्याकाळपर्यंत अण्णासो, जिनेश आणि मी त्या आयांना फोन करत होतो. आत्ती झोळीची दोरी ओढत बसल्या होत्या. एकची एसटी कधीच निघून गेली होती.

मी काही भाषण करणारी बाई नाही. पण तुमच्याकडेही कुणी असा येईल. घरातल्या अडचणीला तो भूत म्हणेल, आणि मग त्या भुताचा दोष घरातल्या सगळ्यात लहान, नाहीतर सगळ्यात नव्या माणसाच्या अंगावर टाकेल, सुनेच्या, लेकराच्या. तेव्हा पिशवी भरू नका. हे कुणी आणलं, एवढं विचारा. उत्तर मिळालं की त्याला कुणी आणलं, तेही विचारा. एका उत्तरावर थांबू नका. चटणीतल्या तिळापर्यंत मी तीन प्रश्नांत पोचले, कालपुरुषाच्या बापापर्यंत दोन हुकमांत. शेवटी तिथं भूत नसतं, नाव-पत्ता असलेला माणूस असतो.

आणि कुणी डोळे मिटा म्हणालं, तर त्याच्या माणसाचे उघडे आहेत का ते बघा. त्यासाठी आपले उघडे ठेवावे लागतात, एवढंच.